संक्रमण : रेषेचे आणि स्थितीचे

भोपाळसारख्या हिंदीभाषक शहरात व्यवसाय करणाऱ्या मराठी डॉक्टराला 'संक्रमण' हा शब्द एकाच दिवसात निरनिराळ्या अर्थांनी वापरावा लागतो. दवाखान्यात 'बच्चे को संक्रमण हुआ है' असे म्हणताच आईचा चेहरा उतरतो, कारण हिंदीत संक्रमण म्हणजे रोगाची लागण. मराठीत आपण तिला संसर्ग म्हणतो. घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तोच शब्द सूर्याच्या राशिप्रवेशासाठी छापलेला असतो. आणि कोणी मराठी विश्वकोशाचा खंड उघडलाच, तर त्यात लोखंड, क्रोमियम, निकेल इत्यादी धातू 'संक्रमणी मूलद्रव्ये' या नावाखाली भेटतात. यात शब्दाचा काही दोष नाही. 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे. एका ठिकाणचे पाऊल उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवणे, ते संक्रमण. रोगजंतू एका देहातून दुसऱ्या देहात जातो, सूर्य एका राशीतून दुसरीत, बर्फ घनरूपातून द्रवरूपात आणि अणूतील इलेक्ट्रॉन एका ऊर्जापातळीवरून दुसरीवर. इंग्रजीतील ट्रान्झिट आणि ट्रान्झिशन हे दोन शब्दसुद्धा एकाच लॅटिन धातूची अपत्ये आहेत.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच, की या सर्व संक्रमणांचे मुळात दोन वर्ग पडतात. एका वर्गात वस्तू कोणीतरी आखलेली रेषा ओलांडते. दुसऱ्या वर्गात वस्तूची स्वतःची स्थिती पालटते. खगोलशास्त्रात ज्याला आपण परंपरेने संक्रमण म्हणत आलो ते बहुतांशी पहिल्या वर्गातले आहे, भौतिकशास्त्रातले दुसऱ्या. वैद्यकात, आणि विशेषतः माझ्या बालरोगशास्त्रात, या दोहोंची गल्लत फार सहज होते आणि तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते. ती कशी, हे यथावकाश येईलच. आधी आकाशाकडे पाहू.

संक्रांतीपासून आरंभ करणे सोयीचे, कारण या विषयावर आपल्यापैकी प्रत्येकाचे काही ना काही मत असतेच. तिळगूळ समारंभात दरवर्षी एखादे वक्ते सांगतात, की आजपासून उत्तरायण लागले, आजपासून दिवस मोठा होत जाणार. विधान तिळगुळाइतकेच गोड आहे, पण खरे नाही. सूर्याची दक्षिणेकडील वाटचाल २१ किंवा २२ डिसेंबरला संपते. त्या दिवशी भोपाळमध्ये मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४३ अंश वर येतो आणि तेथून परतू लागतो. १४ जानेवारी उजाडेपर्यंत आपल्याकडचा दिवस सुमारे ८ मिनिटांनी वाढलेलाही असतो. शंका असल्यास शाहपुरा तलावाच्या पूर्वेकडच्या काठावर फिरायला जाणाऱ्यांनी सूर्यास्ताची जागा पैलतीरावरच्या एखाद्या झाडाच्या किंवा इमारतीच्या खुणेने ध्यानात ठेवावी. डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत ती फारशी हलत नाही. संक्रांतीपर्यंत मात्र ती सूर्यबिंबाच्या रुंदीच्या चौपटीहून अधिक अंतर उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे, सरकलेली दिसेल.

मग संक्रांतीपासूनच दिवस मोठा होतो असे लोकांना का वाटते? याला केवळ परंपरा कारण नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळे घड्याळातले बारा आणि सूर्याची खरी मध्यान्ह यांच्यात वर्षभर कमीजास्त अंतर पडत राहते. परिणामी भोपाळच्या अक्षांशावर सर्वांत उशिराचा सूर्योदय २२ डिसेंबरला येत नाही, तो जानेवारीच्या मध्याच्या सुमारास येतो. तोपर्यंत वाढलेली सारी मिनिटे संध्याकाळच्या खात्यात जमा होत असतात. ज्याचा दिवस भल्या सकाळी सुरू होतो त्याला संक्रांतीनंतरच फरक जाणवतो. त्याचा अनुभव खोटा नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. आपल्या व्यवसायात असे प्रसंग किती येतात हे डॉक्टर वाचकांना सांगायला नको.

उत्तरायण आणि मकरसंक्रांत एके काळी खरोखरच एकत्र येत असत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय संथ डुलतो. त्याचा एक फेरा पूर्ण व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वर्षाला सुमारे ५० विकला, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश, मागे सरकतो. चित्रापक्षाच्या गणिताने इसवी सन २८५ च्या सुमारास ऋतूंवरून मोजलेली मकरराशी आणि ताऱ्यांवरून मोजलेली मकरराशी एकाच ठिकाणी सुरू होत होत्या. आज त्यांच्यात सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे, म्हणून सुमारे २४ दिवसांचेही. हे अंतर वाढतेच आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला. आता संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते.

येथे एक अवांतर गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. पानिपतचे तिसरे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले, आणि ते संक्रांतीच्या दिवशी झाले असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. संक्रांत कोसळणे हा वाक्प्रचार त्या आठवणीला आपोआप येऊन चिकटतो. परंतु आजच्या सूक्ष्म गणिताने मागे जाऊन पाहिले, तर त्या वर्षीचा सूर्याचा मकरप्रवेश १० जानेवारीच्या सुमारास झालेला आढळतो. १४ जानेवारीची संक्रांत ही आपल्या आयुष्यातील दिनदर्शिकांची सवय. ती आपण नकळत अठराव्या शतकावर लादली. मराठ्यांचा पराभव त्यामुळे लहान होत नाही. एवढेच, की त्याचा सूर्याशी संबंध नव्हता.

याहून बोलके उदाहरण आपल्या घरांतलेच आहे. कोकणात व पुण्यात टिळक पंचांग मानणारी जी कुटुंबे आहेत त्यांची मकरसंक्रांत १० जानेवारीला होते. बाकीच्यांची १४ किंवा १५ जानेवारीला. सूर्य तोच, आकाश तेच, आणि संक्रमणाच्या दोन तारखांमध्ये चार दिवसांचे अंतर. कारण राशिचक्राचा आरंभ कोठे धरायचा, चित्रा ताऱ्याच्या समोरच्या बिंदूवर की रेवती नक्षत्रातील ताऱ्याजवळ, यावर ज्योतिर्विदांचे एकमत झाले नाही. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन्ही पक्षांना बाजूला सारून सायन गणनेचा, म्हणजे ऋतूंशी जुळणाऱ्या पंचांगाचा, पुरस्कार केला होता. दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली प्रसिद्ध झाला; मराठीत लिहिलेल्या शास्त्रीय ग्रंथांत आजही त्याच्या तोडीचे फार थोडे आहेत. पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ साली अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तिच्यातला पौष महिना २२ डिसेंबरला, अयनाला धरून सुरू होतो. ती राजपत्रावर छापली जाते. आपल्यापैकी कोणाच्या घरी ती वापरात असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग सगळ्याच रेषा काल्पनिक. तसे मला म्हणायचे नाही. उज्जैनच्या वेधशाळेत नाडीवलय यंत्र आहे. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेल्या आणि माधवराव शिंदे यांनी १९२३ साली दुरुस्त करून घेतलेल्या या वेधशाळेत आपल्यापैकी बहुतेक जण मुलाबाळांना घेऊन गेले असतील. या यंत्राच्या दोन तबकड्या विषुववृत्ताच्या पातळीला समांतर बसवल्या आहेत. मार्चच्या संपातापासून सप्टेंबरच्या संपातापर्यंत ऊन उत्तरेकडच्या तबकडीवर पडते, उरलेले सहा महिने दक्षिणेकडच्या. ज्या दिवशी ते एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाते तो दिवस कोणालाही दगडावर पाहता येतो. भोपाळहून विदिशेकडे जाताना दीवानगंजजवळ कर्कवृत्ताचा फलक लागतो. त्या रेषेलाही अर्थ आहे, कारण तिच्या उत्तरेला सूर्य कधीही डोक्यावर येत नाही. (ती रेषा स्वतःसुद्धा वर्षाला सुमारे १५ मीटर दक्षिणेकडे सरकत असते. फलक मात्र जागेवरच.) तेव्हा काही रेषा निसर्गाच्या आधाराने आखलेल्या असतात, काही निव्वळ संकेताने. परंतु दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे: ओलांडणाऱ्यात काहीच बदलत नाही. १४ जानेवारीचा सूर्य १३ जानेवारीच्या सूर्याहून कोणत्याही अर्थाने वेगळा नसतो. बदलते ते पाहणाऱ्याच्या वहीतले खाते.

आणि रेषा ओलांडण्याचा क्षणही वाटतो तितका रेखीव नसतो. त्याच १७६१ साली, ६ जून रोजी, शुक्र सूर्यबिंबावरून सरकत गेला. याला मराठीत अधिक्रमण म्हणतात. तो पाहण्यासाठी फ्रान्सहून निघालेला ल जांतील हा ज्योतिर्विद पाँडिचेरीला पोहोचण्यापूर्वीच ते ठाणे इंग्रजांच्या ताब्यात गेले, आणि बिचाऱ्याला डोलणाऱ्या जहाजावरून शुक्र पाहावा लागला, निरुपयोगी वेध. पुढच्या अधिक्रमणासाठी तो आठ वर्षे पूर्वेकडेच राहिला आणि १७६९ साली पाँडिचेरीत ऐन वेळी ढग आले. ज्यांना स्वच्छ आकाश लाभले त्यांची अडचण वेगळी होती. शुक्राचा काळा ठिपका सूर्याच्या कडेपासून सुटताना एखाद्या थेंबासारखा ताणला जातो, आणि नेमका कोणत्या सेकंदाला तो सुटला यावर शेजारी शेजारी बसलेल्या दोन निरीक्षकांचेही एकमत होत नाही. आपल्यापैकी अनेकांनी ८ जून २००४ चे अधिक्रमण पाहिले असेल. भारतातून ते सुमारे सहा तास दिसले. ६ जून २०१२ चे सूर्योदयापासूनच सुरू झालेले दिसले. पुढचे डिसेंबर २११७ मध्ये आहे, तेव्हा ज्यांनी पाहिले नाही त्यांनी छायाचित्रांवर समाधान मानावे.

आता दुसरा वर्ग. योगायोग असा, की १७६१ च्याच सुमारास ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक हा प्राध्यापक बर्फ वितळताना पाहत होता. हा गृहस्थ वैद्यकाचा पदवीधर, म्हणजे आपल्याच पंक्तीतला. त्याला एक साधी गोष्ट खटकली. थंडी ओसरली की बर्फ लगेच पाणी व्हायला हवा. मग डोंगरावरचे बर्फ वितळायला आठवडेच्या आठवडे का लागतात? त्याने मोजमाप केले आणि त्यातून सुप्त उष्णतेची कल्पना निघाली. शून्य अंशावरील एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशावरील पाणी व्हायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. आणि या सर्व काळात भांड्यातला तापमापक शून्यावरून हलत नाही. चुलीखालचा जाळ चालू आहे, उष्णता आत जात आहे, आणि तापमापकाकडे पाहणाऱ्याला वाटते की काहीच घडत नाही. बर्फाचा शेवटचा खडा विरघळल्यानंतरच पारा वर चढू लागतो. पाण्याची वाफ होताना तर ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी अशाच गडप होतात. वाफेने भाजलेली जखम उकळत्या पाण्याच्या जखमेहून भयंकर का असते याचे उत्तर त्यात आहे.

हे खरे संक्रमण. भौतिकशास्त्रात त्याला प्रावस्था संक्रमण म्हणतात. येथे रेणू तेच राहतात, पण त्यांची परस्परांशी असलेली मांडणी मोडून नवी होते. ही मोडतोड फुकट होत नाही आणि ती चालू असताना बाहेरून तपासणाऱ्याला आकडा बदललेला दिसत नाही.

निसर्ग मात्र सर्वत्र बर्फासारखा शिस्तशीर नाही. हिवाळ्यात शाहपुऱ्यातल्या घरांत खोबरेल तेलाची बाटली थिजते, ती एका ठरावीक क्षणी थिजत नाही. अनेक स्निग्धाम्लांचे मिश्रण असल्याने काही भाग आधी घट्ट होतो, काही नंतर. साजूक तुपाचेही तेच. काचेला तर वितळण्याचा निश्चित बिंदू नसतोच. ती हळूहळू मऊ होत जाते. लोखंड तापवत नेले तर सुमारे ७७० अंश सेल्सिअसला त्याचे चुंबकत्व नाहीसे होते, पण ते तोपर्यंत क्रमाक्रमाने कमी होत आलेले असते आणि त्या बिंदूवर सुप्त उष्णता लागत नाही. उलट अतिशुद्ध, निश्चल पाणी शून्याखाली कित्येक अंश गेले तरी द्रवच राहू शकते. त्याला एखादा कण, एखादा धक्का हवा असतो. तो मिळाला की क्षणार्धात सारे गोठते. म्हणजे रेषा ओलांडली तरी स्थिती बदलली नाही, असेही होऊ शकते. पुढच्या विवेचनासाठी हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा.

अणूच्या आतील संक्रमणाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर अधिकाराने बोलण्याइतका माझा अभ्यास नाही. १९१३ साली नील्स बोर यांनी मांडले, की इलेक्ट्रॉन ठरावीक पातळ्यांवरच असू शकतो आणि एकीवरून दुसरीवर जाताना मधल्या पायऱ्या नसतात. हायड्रोजनच्या अणूत असे एक अत्यंत सूक्ष्म संक्रमण आहे, ज्यातून २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर बाहेर पडते. एकट्या अणूला ते आपणहून करायला सरासरी १ कोटी वर्षांहून अधिक काळ लागतो. अमुक अणू केव्हा उडी घेईल हे कोणीही सांगू शकत नाही. तरीही विश्वात हायड्रोजन इतका आहे, की त्या लहरी सतत येत राहतात, आणि पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण त्या टिपते. एकाविषयी काहीच सांगता येत नाही आणि समूहाविषयी पुष्कळ सांगता येते, ही स्थिती आपल्या ओळखीची आहे. नातेवाईक विचारतात, 'डॉक्टरसाहेब, आमच्या मुलाचे काय होईल?' आणि आपण टक्केवारी सांगतो.

ज्या मेघनाद साहांनी दिनदर्शिकेचा अहवाल दिला, त्यांनीच १९२० साली ताऱ्यांच्या वातावरणात कोणत्या तापमानाला किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात याचे समीकरण मांडले होते. एकाच माणसाने दोन्ही प्रकारच्या संक्रमणांवर काम करावे आणि त्यांची कधीही गल्लत करू नये, याचा मला विशेष आदर वाटतो.

आता आपल्या अंगणात येऊ. बाळ जन्मले की पहिला प्रश्न वेळेचा येतो. पत्रिकेसाठी मिनिट हवे असते, आणि प्रसूतिगृहातली परिचारिका ते लिहून देते. डोके बाहेर आले तो क्षण, पूर्ण बाळ आले तो, नाळ कापली तो, की पहिले रडणे? रेषा कोठे आखायची यावर येथेही रेवतीपक्ष आणि चित्रापक्ष आहेत. परंतु बाळाच्या देहात जे संक्रमण चालू झालेले असते त्याला या मिनिटाशी फारसे कर्तव्य नसते. फुप्फुसातले पाणी शोषले जायचे असते, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब उतरायचा असतो. निरोगी बाळाच्या रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाणसुद्धा पहिल्या मिनिटाला ६० ते ६५ टक्के असते आणि ८५ ते ९५ टक्क्यांपर्यंत पोहोचायला सुमारे १० मिनिटे लागतात. गर्भावस्थेत फुप्फुसाला वळसा घालणारी धमनीनलिका कार्यतः मिटायला एक ते तीन दिवस आणि कायमची बंद व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. काही बाळांत हे संक्रमण अडते. बाळ जगात आलेले असते, पण त्याचे रक्ताभिसरण अजून गर्भातलेच असते. थंडगार झालेल्या, तरीही न गोठलेल्या पाण्यासारखे. त्या बाळाचा जन्मदाखला कितीही अचूक असला तरी उपचार करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. नवजात अर्भकांच्या बाबतीत आपण सर्वांनी हे मान्य केले आहे. आपण घड्याळ पाहत नाही, बाळ पाहतो.

मग अठराव्या वर्षी आपण असे का वागत नाही? माझ्या मते आज आपल्या व्यवसायातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट ही आहे. पहिल्या प्रकारचा मधुमेह, थॅलसेमिया, सिकल सेल, जन्मजात हृदयविकारावर झालेली शस्त्रक्रिया, अपस्मार यांसारखे आजार घेऊन मुले आता मोठी होतात. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी त्यांतली बरीच मोठी होतच नसत, म्हणून हा प्रश्नही नव्हता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि तो अठरा वर्षांपर्यंत आहे. अनेक इस्पितळांत बालरोग कक्षाची मर्यादा बारा किंवा चौदा वर्षांवरच संपते. १ जुलै २०२३ रोजी आपल्या राज्यातील शहडोल येथून सुरू झालेल्या सिकल सेल निर्मूलन अभियानाने चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी हाती घेतली, हे स्वागतार्ह आहे. पण तपासणी निराळी आणि वर्षानुवर्षांची देखभाल निराळी.

एका इस्पितळाने, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, अशाच एका मधुमेही मुलाची बालरोग विभागातील नोंद त्याच्या अठराव्या वाढदिवसानंतर बंद केली. पुढे कोणाकडे जायचे याची चिठ्ठी दिली नाही. मुलगा शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेला. सहा वर्षांचा असल्यापासून त्याचे इन्सुलिन आईच मोजून देत आली होती. दीड वर्षाने तो सुट्टीत भोपाळला आला तो रक्तात आम्ल साठून बेशुद्धावस्थेत, आणि मी त्याला पाहिले ते अतिदक्षता विभागात. तो वाचला. त्याच्या फाइलमध्ये त्या दीड वर्षाचे एकही पान नव्हते. रेषा ओलांडली गेली होती. मुलगा मात्र होता तेथेच होता.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर अठरा या आकड्यात विशेष काही घडत नाही. इन्सुलिनला होणारा शरीराचा विरोध वाढतो तो वयात येताना, म्हणजे बारा-तेरापासून. पुढचा विचार करून आजचा मोह आवरणारे मेंदूचे भाग परिपक्व होत राहतात ते विशीच्या मध्यापर्यंत. खरे अयन एकीकडे आणि कायद्याची संक्रांत दुसरीकडे, अशी ही अवस्था आहे. मतदानासाठी, वाहन परवान्यासाठी कोठेतरी रेषा आखावीच लागते. तिला माझी हरकत नाही. औषधोपचारासाठी तीच रेषा वापरणे मला मान्य नाही.

अमेरिकेतील बालरोग, कुटुंबवैद्यक आणि अंतर्वैद्यक या तीन शाखांच्या संघटनांनी २०११ साली संयुक्त मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात ही तयारी बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू करावी असे म्हटले आहे. आपल्याकडचे सहव्यवसायी यावर म्हणतात, की तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला एकट्याला बसवून समजावले तरी पुढच्या तिमाहीत त्याचा एचबीएवनसी आहे तेथेच असतो, मग उपयोग काय? येथे मला ब्लॅकचे भांडे आठवते. पारा हलत नाही म्हणून जाळ काढून घेणारा माणूस बर्फ कधीच वितळवू शकणार नाही. उपमा फार ताणू नये हे मला ठाऊक आहे. बर्फाचा प्रत्येक ग्रॅम तेवढीच उष्णता मागतो आणि मुले तशी नसतात. कोणाला दोन वर्षे पुरतात, कोणाला सहा. पण अहवालातला आकडा स्थिर असताना आत काहीच चाललेले नाही, हे अनुमान दोन्हीकडे सारखेच चुकीचे आहे.

हिंदी आणि मराठी या दोन्ही घरांत आणखी एक अडथळा असतो, तो आईवडिलांच्या मायेचा. चौदा वर्षांच्या मुलाला खोलीत एकटे बोलवले की वडील विचारतात, 'आम्ही बाहेर कशाला?' रोगाचे नाव मुलीला माहीत नसते, कारण लग्नाचा विचार आतापासूनच मनात असतो. येथे डॉक्टरानेच सौम्यपणे पण निश्चयाने दार लावून घ्यायला हवे.

शाहपुऱ्यात आणि आसपासच्या वसाहतींत आपल्या मंडळाचे बालरोगतज्ज्ञही आहेत आणि फिजिशियनही, बहुतेक एकमेकांच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. माझी सूचना मोठी नाही. अशा दीर्घ आजाराच्या प्रत्येक मुलाच्या पंधराव्या वर्षापासून वर्षातून दोन भेटी बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन यांनी एकत्र, एकाच खोलीत घ्याव्यात. निदान, आजवरच्या शस्त्रक्रिया, रक्तगट, चालू औषधे व त्यांच्या मात्रा, कोणत्या औषधाने त्रास झाला आणि संकटसमयी प्रथम काय करायचे, हे एका पानावर लिहून ते मुलाच्या हाती द्यावे. ते पान त्याने स्वतःच्या अक्षरात उतरवलेले असल्यास उत्तम. बालरोगतज्ज्ञाने मुलाला सोडण्याची तारीख वाढदिवसावरून ठरवू नये. मुलगा आपल्या मात्रा न विचारता सांगू लागला आणि भेटीची वेळ त्याने स्वतः फोन करून घेतली, म्हणजे ठरवावी. कोणाच्या बाबतीत ते सोळाव्या वर्षी होईल, कोणाच्या बाविसाव्या.

या सूचनेवर पहिला आक्षेप पैशांचा येतो, आणि तो रास्त आहे, कारण दोन डॉक्टर म्हणजे दोन शुल्के असे गृहीत धरले जाते. संयुक्त भेटीचे शुल्क एकच असावे असे माझे मत आहे. ते दोघांत कसे वाटायचे हे ठरवायला आपल्या मंडळाची एक बैठक पुरेल. चहाच्या आधी घेतल्यास अर्धीच.